गाणं लागत का नाही? घरगुती संगीत-उपकरणांच्या ॲपचा दर्जा: एक आढावा

इंदूरच्या रामबागेत राहणाऱ्या माझ्या आत्याच्या दिवाणखान्यातला स्पीकर गेल्या श्रावणाचा पहिला पंधरवडा गप्प होता. वीज होती, वायफाय होतं, स्पीकरवरचा दिवाही लागत होता. गाणं तेवढं लागत नव्हतं. शोध घेतल्यावर उलगडा झाला तो असा: पुण्यात नोकरीला असलेल्या माझ्या आत्येभावाने फोन बदलला होता. स्पीकर त्याच्या खात्यावर नोंदवलेला, आणि नव्या फोनला तो दिसायचा तर फोन इंदूरच्या घरातल्या वायफायवर असायला हवा. आत्याच्या फोनमध्ये तेच ॲप टाकून पाहिलं, तर ते आधी स्पीकर पुसून कोरा करायला सांगत होतं. तेवढं धाडस कोणी केलं नाही. राखीला आत्येभाऊ घरी आला, तेव्हा कुठे भजनं सुरू झाली.

कंपनी कोणती, हे इथे महत्त्वाचं नाही, कारण थोड्याफार फरकाने ही तक्रार सगळ्यांबद्दलच ऐकू येते. स्पीकर चांगला आहे, आवाज सुरेख आहे, पण ॲप त्रास देतं. या एका वाक्यामागे गेली वीसेक वर्षं चाललेला वाद आहे. तो कुठून सुरू झाला, आज कुठे आहे आणि त्यात काय सुटायचं राहिलंय, हे पाहण्याचा हा प्रयत्न.

इंदुरातून याकडे पाहण्यात एक सोय आहे. हे ऐकणाऱ्यांचं गाव. लता मंगेशकरांचा जन्म इथला, २८ सप्टेंबर १९२९चा. उस्ताद अमीर खाँ इथलेच म्हणवले गेले, त्यांच्या घराण्यालाच गावाचं नाव मिळालं. कुमार गंधर्व १९४८ साली देवासला येऊन राहिले, ते कायमचे. माळवा हाऊसमधून आकाशवाणी १९५५पासून बोलते आहे, आणि शहराबाहेर पिगडंबरला लतादीदींच्या नावाचं ग्रामोफोन रेकॉर्डचं संग्रहालय आहे. त्याच वेळी सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आणि इन्फोसिसच्या इमारती उभ्या आहेत. म्हणजे गाणं ऐकणारा आणि सॉफ्टवेअर तपासणारा हे दोघंही इथे एकाच घरात, बहुधा बाप-लेक म्हणून, सापडतात.

बटणाकडून ॲपकडे

रेडिओला दोन बटणं पुरत. त्या काळी दर्जा म्हणजे आवाज. खरखर किती, सुई झिजली का, स्टेशन सरकतं का, हे सगळं कानाला कळे आणि दुरुस्त करणारा जेल रोडवर भेटे. संगणकातल्या फाइली दिवाणखान्यात वाजवण्याची कल्पना एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरची. स्लिम डिव्हायसेस या छोट्या कंपनीने २००१ साली स्लिम्पथ्री नावाचं यंत्र आणलं आणि २००३ साली स्क्वीझबॉक्स. ॲपलने २००४ साली एअरट्यून्स आणलं. त्याचंच पुढे एअरप्ले झालं. सोनोस या कंपनीची पहिली उपकरणं २००५ साली बाजारात आली, आणि त्यांच्यासोबत हातात धरायचा एक खास रिमोट होता, रंगीत पडदा आणि फिरतं चाक असलेला.

तो रिमोट लक्षात ठेवण्यासारखा आहे. यंत्र, त्यातलं सॉफ्टवेअर आणि ते चालवणारी वस्तू, तिन्ही एकाच कंपनीची. पुढे २००८च्या उन्हाळ्यात ॲपलचं ॲप स्टोअर उघडलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात सोनोसने आयफोनसाठी फुकट ॲप दिलं. फोन प्रत्येकाच्या खिशात असल्यावर महागडा रिमोट कोण घेणार? २०१८ साली कंपनीने त्या जुन्या रिमोटचा आधारच काढून घेतला. व्यवहार म्हणून हे बरोबरच होतं. पण या बदलात एक गोष्ट हातची गेली. गाणं लावायची कळ आता अशा फोनवर होती, ज्याची कार्यप्रणाली दरवर्षी दुसरीच कंपनी बदलते.

याचं एक छोटं उदाहरण पुरे. २०२० साली आयफोनच्या कार्यप्रणालीच्या चौदाव्या आवृत्तीपासून प्रत्येक ॲपला घरातल्या नेटवर्कवरची इतर यंत्रं शोधण्याआधी परवानगी मागावी लागू लागली. खासगीपणाच्या दृष्टीने पाऊल योग्यच. पण पडद्यावर प्रश्न आला की सावध माणूस ‘नको’ म्हणतो, आणि मग त्या ॲपला स्पीकर दिसतच नाही. चूक ना स्पीकरची, ना ॲपची, ना माणसाची.

भारतात हे सगळं उशिरा आणि एकदम आलं. ॲमेझॉनचा एको २०१७च्या ऑक्टोबरात, गुगल होम २०१८च्या एप्रिलमध्ये, स्पॉटिफाय २०१९च्या फेब्रुवारीत. आलेलं सगळं टिकलंही नाही. गाना २०२२ साली पैसे भरणाऱ्यांपुरतं उरलं, विंक २०२४ साली बंद झालं. गाण्याची सेवा गेली की ती जोडलेल्या प्रत्येक स्पीकरच्या ॲपला बदलावं लागतं, हा हिशेब दुकानात कोणी सांगत नाही.

७ मे २०२४

या वादाला जगभर तोंड फुटलं ते या तारखेला. सोनोसने आपलं ॲप मुळापासून नव्याने लिहून सगळ्यांना एकाच वेळी दिलं. पहिल्याच दिवशी लोकांच्या लक्षात आलं की बरंच काही गायब आहे. गजर लावणं-बदलणं, ठरावीक वेळाने गाणं आपोआप थांबवणं, पुढच्या गाण्यांची रांग हलवणं, स्वतःच्या संगणकातल्या गाण्यांमध्ये शोध घेणं. अंध वापरकर्त्यांना पडदा वाचून दाखवणाऱ्या सोयीबरोबर ते नीट चालत नव्हतं, आणि ही तक्रार सगळ्यांत जास्त बोचणारी होती, कारण जुन्या ॲपमध्ये ते चालत होतं. शिवाय स्पीकर मध्येच दिसेनासे होत, आवाज कमी-जास्त करायची खूण दाबल्यावर काही क्षणांनी प्रतिसाद येई.

पुढचा घटनाक्रम असा. २५ जुलैला मुख्याधिकारी पॅट्रिक स्पेन्स यांनी जाहीर माफी मागितली. ऑगस्टमध्ये कंपनीने सांगितलं की दुरुस्तीवर दोन ते तीन कोटी डॉलर खर्च होतील आणि दोन नवी उत्पादनं पुढे ढकलली जातील. सुमारे शंभर जणांची नोकरी गेली. ऑक्टोबरात दर्जासाठी जाहीर वचनं दिली गेली, वॉरंटी एक वर्षाने वाढवली गेली. जानेवारी २०२५मध्ये स्पेन्स पायउतार झाले आणि टॉम कॉनरॅड यांनी सूत्रं घेतली.

माझ्या मते यात सगळ्यांत शिकण्यासारखा क्षण ऑगस्टमधला आहे. लोकांची मागणी साधी होती: जुनं ॲप परत द्या. कंपनीने तसा विचार केला, चाचण्याही केल्या, आणि शेवटी सांगितलं की जुनं ॲप आणल्यास गोष्टी आणखी बिघडतील. कारण दरम्यान स्पीकरच्या आतलं सॉफ्टवेअर आणि कंपनीच्या सर्व्हरवरचा भागही बदलला होता. घरात आणलेल्या वस्तूचा एक भाग घरात, एक खिशात आणि एक समुद्रापार असतो, हे ग्राहकाला इतक्या स्पष्टपणे क्वचितच कळलं असेल.

चूक नेमकी कुठे?

या घटनेवरून जाणकारांमध्ये जे तट पडले, ते आजही तसेच आहेत.

एक गट घाईला दोष देतो. सोनोसचे हेडफोन त्याच जूनमध्ये विक्रीला यायचे होते आणि त्यांना नवं ॲप हवं होतं. बातम्यांनुसार आतल्या माणसांनीही ॲप तयार नसल्याचं सांगितलं होतं. या मताप्रमाणे प्रश्न सॉफ्टवेअरचा कमी आणि तारखेचा जास्त. आपल्याकडच्या टेस्टर मंडळींना हे लगेच पटतं. जुनं काही मोडलं नाही ना, हे पाहण्याच्या चाचणीला ते ‘रिग्रेशन’ म्हणतात, आणि तारीख जवळ आली की कात्री पहिली तिच्यावरच चालते, असं कॉरिडॉरवर काम करणारा कोणीही चहा पिताना सांगेल.

दुसरा गट म्हणतो, नव्याने लिहिण्याचा निर्णयच मुळात धोक्याचा. हा वाद संगीतापेक्षा जुना आहे. जोएल स्पोल्स्की यांनी २००० सालीच नेटस्केपचं उदाहरण देऊन मांडलं होतं की जुना कोड कुरूप दिसतो, कारण त्यात वर्षानुवर्षांच्या दुरुस्त्या साठलेल्या असतात. तो फेकला की त्या दुरुस्त्याही गेल्या. यावर उलट बाजूचं म्हणणंही कच्चं नाही. २००५च्या सुमारास रचलेला सांगाडा घेऊन आजच्या फोनवर किती काळ चालणार? थोडं थोडं बदलायला गेलं तर प्रत्येक नवी सोय दुप्पट वेळ खाते. जुन्या वाड्याची एक भिंत पाडून पाहावी, तर तिच्यावर तीन खोल्या टेकलेल्या निघतात.

तिसरं म्हणणं वेगळ्याच दिशेला बोट दाखवतं: पेटंट. सोनोसने गुगलवर दावा लावला आणि जानेवारी २०२२मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने गुगलविरुद्ध निर्णय दिला. त्यानंतर गुगलच्या स्पीकरवर अनेक खोल्यांचा आवाज एकत्र कमी-जास्त करण्याची सोय बदलली गेली. ग्राहकाने काहीच केलं नव्हतं. एका सकाळी बटण पूर्वीसारखं चालेना, एवढंच.

तिन्ही मतांना आधार आहे. पण ती एकमेकांना छेद देत नाहीत, हे वाद घालताना बऱ्याचदा विसरलं जातं.

घरातलं जाळं

कंपन्यांची नेहमीची बाजू अशी, की आमचं सॉफ्टवेअर ठीक आहे, घरातलं वायफाय वाईट आहे. ही पळवाट वाटते, पण तिच्यात तथ्य आहे.

फोनला स्पीकर सापडतो तो हाक मारून. फोन घरातल्या सगळ्या यंत्रांना उद्देशून विचारतो, इथे स्पीकर कोण आहे? स्पीकर ओ देतो. ही सगळ्यांना मारलेली हाक बरेच राउटर नीट पोचवत नाहीत. काही ती सुरक्षिततेसाठी अडवतात, काही वायफायच्या एका पट्ट्यावरची हाक दुसऱ्यावर जाऊ देत नाहीत. इंटरनेटवाल्याने जोडणीसोबत दिलेला स्वस्त राउटर जिन्याखाली, वरच्या मजल्यासाठी नंतर घेतलेला दुसरा, आणि दोघांची नावं वेगळी, अशी रचना आपल्याकडे घरोघरी दिसते. फोन एका जाळ्यावर, स्पीकर दुसऱ्यावर. ॲप म्हणतं, ‘स्पीकर सापडला नाही.’ खरं तर ते फार तर एवढंच म्हणू शकतं, की मला ओ ऐकू आली नाही.

अनेक खोल्यांत एकाच वेळी गाणं वाजवायचं असेल तर काम आणखी नाजूक. दोन स्पीकरांमध्ये सेकंदाच्या लहानशा अंशाचा फरक पडला तरी स्वयंपाकघरातला आवाज दिवाणखान्यातल्या आवाजाचा प्रतिध्वनी वाटू लागतो.

टीकाकारांचा यावर प्रतिप्रश्न असा: घरं अशीच असतात हे माहीत असताना चाचणी प्रयोगशाळेतल्या स्वच्छ जाळ्यावर का होते? इथे मला टीकाकारांची बाजू थोडी वरचढ वाटते. स्पॉटिफाय कनेक्टसारख्या पद्धतीने मात्र त्रासाचा एक भाग कमी केला. त्यात फोन गाणं पाठवत नाही, फक्त सांगतो, आणि स्पीकर ते स्वतः इंटरनेटवरून आणतो. फोन घराबाहेर गेला तरी गाणं चालू राहतं. ब्लूटूथवर भजनाच्या मध्येच फोनची घंटी वाजते, ती इथे वाजत नाही.

अमीर खाँ की आमिर खान?

दर्जाचा एक भाग इंग्रजी चर्चेत फारसा येत नाही, आणि आपल्याला तो रोज भेटतो. तो म्हणजे नावं.

गाण्याच्या फाइलीसोबत गायक, शीर्षक, अल्बम ही माहिती जोडण्याची पद्धत १९९६मधली. तिच्या पहिल्या रूपात प्रत्येक रकान्याला तीस अक्षरं, तीही रोमन. पुढे पद्धत सुधारली, पण रकाने पाश्चात्त्य लोकप्रिय गाण्याच्याच मापाचे राहिले. मारव्याच्या बडा ख्यालात राग कुठल्या रकान्यात लिहायचा? ताल? नाट्यपदात नाटककार, संगीतकार, मूळ गायक आणि आताचा गायक यांतलं ‘आर्टिस्ट’ कोण? ‘कट्यार काळजात घुसली’ शोधल्यावर १९६७चं नाटक आणि २०१५चा चित्रपट एकाच ढिगात येतात.

रोमन लिपीत तर अमीर, आमिर, अमिर सगळे सरमिसळ होतात. इंदूर घराण्याच्या उस्तादांना हाक मारावी आणि हिंदी सिनेमाचा नट उत्तरावा, हे या शहरात विशेष लागतं. आवाजी आज्ञेने सुटका होईल असं वाटलं होतं. ॲमेझॉनच्या अलेक्साला २०१९पासून हिंदी येतं, पण मराठी नाही. त्यामुळे इंदूरची मराठी आजी स्पीकरशी हिंदीत बोलते. तसं तिला ते जड जात नाही, भाजीवाल्याशीही ती हिंदीतच बोलते. पण अभंगाचं नाव हिंदी उच्चारात सांगताना ती अडखळते.

आणखी एक बारीक गोष्ट. विलंबित आणि द्रुत पुष्कळदा दोन वेगळ्या फाइलींत असतात. एमपीथ्री पद्धतीत फाइलीच्या आरंभी आणि शेवटी किंचित शांतता भरली जाते. ती ओळखून काढून टाकणं ॲपने करायचं असतं. सगळी ॲपं ते करत नाहीत, आणि समेवर यायच्या आधी क्षणभर खड्डा पडतो. पॉप गाणी ऐकणाऱ्या टेस्टरला तो खड्डा ऐकूच येणार नाही.

ॲपच नको

या सगळ्याला सरळ उत्तर देणारं उत्पादन भारतातच तयार झालं. सारेगामाचं कारवाँ २०१७ साली आलं. जुन्या ट्रान्झिस्टरसारखं रूप, आत पाच हजार गाणी, पुढे एक मोठं फिरतं बटण. ना खातं, ना वायफाय. मराठी गाण्यांचंही कारवाँ निघालं. ते प्रामुख्याने ज्येष्ठांसाठी घेतलं गेलं आणि मुलांकडून आईवडिलांना भेट म्हणून गेलं. ॲपच्या दर्जाविषयी इतकं बोलकं मत बाजाराने क्वचितच दिलं असेल. अर्थात मर्यादाही उघड आहे. पाच हजारांत नसलेलं गाणं हवं, तर ते बाहेरून, पेनड्राइव्ह किंवा फोनवरून लावावं लागतं.

दुसरं उत्तर मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचं. लॉजिटेकने २००६ साली स्लिम डिव्हायसेस विकत घेतली, २०१२ साली स्क्वीझबॉक्स थांबवलं आणि २०२४च्या मार्चमध्ये त्याची ऑनलाइन सेवाही बंद केली. तरी ती यंत्रं आजही वाजतात, कारण त्यांचं सर्व्हर सॉफ्टवेअर मुळापासून खुलं होतं आणि हौशी लोकांनी ते ‘लिरिऑन’ या नावाने पुढे नेलं. रास्पबेरी पाय या पत्त्यांच्या कॅटएवढ्या संगणकावर व्होल्युमिओसारखी सॉफ्टवेअर टाकून घरचा प्लेअर बनवणारेही आहेत. समर्थक म्हणतात, खरी मालकी हीच. विरोधक विचारतात, हे आत्याला जमेल का? नाही जमणार. पण तिच्या मुलाला जमेल, आणि तो पुण्याला गेला की पुन्हा तोच प्रश्न.

किती वर्षं?

मार्च २०२५मध्ये एका रविवारी जगभरातली गुगलची दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट आणि क्रोमकास्ट ऑडिओ ही यंत्रं एकाच वेळी बंद पडली. यंत्रात काही बिघडलं नव्हतं. त्यांच्या ओळखीची खात्री देणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत संपली होती. गुगलने काही दिवसांत दुरुस्ती केली, पण मधल्या काळात ज्यांनी शहाणपणाने म्हणून यंत्र रीसेट केलं, ते आणखी अडकले. आत्याकडे कोणी रीसेट केलं नाही, ते बरंच झालं.

बोसने २०२५च्या ऑक्टोबरात आपल्या साउंडटच मालिकेची ऑनलाइन सेवा बंद होणार असं सांगितलं. ही मालिका २०१३ची. ओरड झाल्यावर मुदत वाढवली गेली आणि बाहेरच्या प्रोग्रामरांना उपयोगी पडणारी कागदपत्रं खुली केली गेली. सेवा बंद करतानाही सभ्यपणे करता येते, याचं हे उदाहरण म्हणून पुढे येईल असं वाटतं.

कायदे आधाराच्या मुदतीच्या टोकाकडून प्रश्नाला भिडतात. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४पासून उत्पादकाला सुरक्षेचे अपडेट किमान किती काळ देणार हे सांगावं लागतं. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स कायदा डिसेंबर २०२७पासून पूर्ण लागू होईल. त्यात साधारणपणे किमान पाच वर्षांच्या आधाराची अपेक्षा आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या कर्मचाऱ्यांनी २०२४ साली १८४ स्मार्ट वस्तू तपासल्या, तेव्हा सुमारे ८९ टक्के वस्तूंच्या संकेतस्थळावर आधाराची मुदत सापडली नाही. आपल्याकडे २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा सदोष वस्तूची जबाबदारी उत्पादकावर टाकतो आणि डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं सरकारी पोर्टल सुरू झालं. त्या पोर्टलचा रोख सुट्या भागांकडे आणि दुरुस्तीच्या माहितीकडे आहे. विकल्यानंतर अपडेटने एखादी सोय काढून घेतली तर तो दोष मानायचा का, याचा वेगळा उल्लेख दोन्हींत नाही.

उद्योगाचा आक्षेपही ऐकण्यासारखा आहे. स्पीकर एकदा विकला जातो, सर्व्हरचा खर्च दरमहा येतो. पाच, दहा, पंधरा वर्षं आधार द्यायचा तर किंमत आधीच वाढवावी लागेल किंवा दरमहा वर्गणी घ्यावी लागेल. भारतात स्वस्त स्पीकरची बाजारपेठ पाहता दोन्ही गोष्टी कठीण.

मोजायचं कसं

दर्जाची आंतरराष्ट्रीय व्याख्या आहे. आयएसओ-आयईसी २५०१०मध्ये २०११ साली आठ गुण होते, २०२३च्या सुधारणेत नऊ झाले. विश्वासार्हता, वेग, सुरक्षा, वापरण्यातली सुलभता वगैरे. पण ‘गाणं लावायचं मनात आल्यापासून पहिला सूर ऐकू येईपर्यंत किती वेळ’ हे माप कोणी एकमताने ठरवलेलं नाही, आणि कंपन्या स्वतःचे आकडे सांगत नाहीत. त्यामुळे दोन ॲपांची तुलना आजही अनुभवांच्या गोष्टींवर चालते. हा लेखही त्याला अपवाद नाही.

त्याहून अवघड गाठ ‘वापरकर्ता’ या शब्दाची. ॲपच्या दृष्टीने वापरकर्ता म्हणजे एक खातं, एक फोन, एक माणूस. स्पीकर मात्र घराचा असतो. कुटुंबासाठी खाती जोडायच्या सोयी आल्या आहेत, पण त्या मुख्य खातेदाराने आपल्या फोनवरून सुरू करायच्या असतात. खातेदार परगावी गेला, नंबर बदलला किंवा वारला, तर ती यंत्रं कोणाची, याबद्दल वर सांगितलेल्या नियमांत ओळ नाही.

आत्याला आता आत्येभावाने घरातली एक सदस्य म्हणून जोडलंय. ती गाणं लावू शकते, थांबवू शकते. स्पीकरचं नाव बदलायचं किंवा नवं वायफाय जोडायचं असेल, तर परवानगी अजून पुण्याच्या फोनवर मागावी लागते.